बोटीवरचे पहिले दिवस

(खडवली इथं झालेल्या महिला आणि किशोरी मुलींच्या मेळाव्यातलं भाषण)

मैत्रिणींनो, आणि मागे आईला चिकटून बसलेल्या मुलींनो,

मला विषय दिला होता ‘मुलींचं शिक्षण’. या विषयावर बोलणं फार सोपं असतं. मुलगी शिकली, प्रगती झाली, असं म्हटलं की टाळ्या पडतात, आणि टाळ्या वाजवणारा गृहस्थ घरी जाऊन मुलीची बारावी झाली की स्थळं बघायला लागतो. म्हणून मी विषय जरा बारीक करून घेतला आहे. शिकायला म्हणून मुलगी घराबाहेर पडते, तेव्हाचे तिचे पहिले काही दिवस, एवढ्याबद्दलच मी बोलणार आहे.

त्यासाठी गोष्ट सांगते ती आपल्याच भागातल्या मुलीची. इथून चौथं स्टेशन कल्याण. कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती आनंदीबाई जोशी झाली. हीच पुढे अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली, हे तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल. एक गोष्ट पुस्तकात नसते. कल्याणपर्यंत आगगाडी आली १८५४ साली आणि वाशिंदपर्यंत १८५५ साली. म्हणजे आनंदीबाई जन्मल्या त्याच्या दहा वर्षं आधीपासून आपल्या या भातसेच्या काठच्या रानातून गाडी धावत होती. गाडी होती, पण शिकायला जायचं म्हणून त्या गाडीत मुलीला बसवून देणारं कोणी नव्हतं.

आनंदीबाईंचे पती गोपाळराव पोस्टात नोकरीला होते, बिजवर होते, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोला शिकवायचंच असा त्यांचा हट्ट. तो हट्ट चांगला, पण त्यापायी त्यांनी तिला मारलंही, हे तिच्याच पत्रांवरून कळतं. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं आणि दहा दिवसांत ते गेलं. त्या दुःखातून तिनं डॉक्टर व्हायचं ठरवलं. बायकांना तपासायला बाई डॉक्टर नाही, आणि पुरुष डॉक्टरापुढे बाई तोंड उघडत नाही, ही स्थिती तिनं स्वतः सोसलेली होती.

आता बोटीकडे जायच्या आधी जरा रस्त्यावर थांबू या. कारण मुलीचा पहिला अवघड प्रवास समुद्रातला नसतो, तो घरापासून शाळेपर्यंतचा असतो. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केलं. मी अमेरिकेला का जाते, हा विषय. त्यात तिनं सांगितलं की मुंबईत आणि कलकत्त्यात हातात पुस्तकं घेऊन पायी जाणारी बाई दिसली की लोक बघत राहतात, हसतात, टोमणे मारतात, खडेसुद्धा मारतात. हे सगळं भर सभेत, पुरुषांसमोर उभं राहून सांगितलं. वय सतरा पूर्ण. आज टिटवाळ्याच्या नाक्यावर मुलीला कोणी काही बोललं, तर आपण तिला काय सांगतो? ‘खाली मान घालून ये.’ किंवा ‘उद्यापासून जाऊ नकोस.’ एकशेचाळीस वर्षांपूर्वीची मुलगी ती गोष्ट व्यासपीठावरून बोलून गेली आणि आपण अजून ती घरातसुद्धा बोलू देत नाही.

त्या सभेत तिनं लोकांच्या प्रश्नांना एकेक करून उत्तरं दिली. इथंच का शिकत नाहीस? एकटी का जातेस? जातीबाहेर टाकतील त्याचं काय? काही बरंवाईट झालं तर? ज्या गोष्टी कोणा बाईनं केल्या नाहीत त्या तूच का करतेस? मैत्रिणींनो, हे प्रश्न ओळखीचे वाटतात ना? अमेरिकेच्या जागी उल्हासनगर घाला, प्रश्न तेच राहतात.

आणि मग ७ एप्रिल १८८३. अठरावं वर्ष पूर्ण होऊन एकच आठवडा झालेला. ‘सिटी ऑफ कलकत्ता’ नावाच्या आगबोटीत ती चढली. पती बरोबर नाही. ते धक्क्यावरून मागे फिरले. कलकत्त्याहून निघालेली बोट लगेच समुद्रात जात नाही. हुगळी नदीतून भरतीची वेळ साधत, नदीतल्या वाळूच्या दांड्यांची माहिती असलेला पायलट घेऊन, बोट हळूहळू खाली सरकते. म्हणजे पहिला टप्पा नदीतलाच. दोन्ही काठांना झाडं, घाट, माणसं दिसत राहतात. मग काठ लांब जातात आणि बंगालचा उपसागर लागतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याला बोट लागते. पोटात अन्न ठरत नाही, डोकं उचलवत नाही. बरोबर घरचं माणूस असलं तर निदान कपाळावर हात ठेवतं. आनंदीबाईंची तर निघतानाच तब्येत चांगली नव्हती. डोकेदुखी, मधूनमधून ताप, धाप लागणं, हे सगळं आधीपासून होतं. दुसरी अडचण खाण्याची. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं ती सभेत सांगून आली होती. मांसमच्छी खायची नाही, पोशाख बदलायचा नाही. आणि आगबोटीवरचं स्वयंपाकघर साहेबी थाटाचं! मग ताटात उरतं काय, ते तुम्हीच विचार करा. आपण बायका घरातसुद्धा उरलेलं खातो, तिला तर बोटीवर वगळून वगळून जेवायचं होतं. अंगावर नऊवारी. बोटीवरच्या सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे.

तिसरी अडचण सोबतीची. अमेरिकन मिशनरी बायकांच्या सोबतीनं ती निघाली होती. ती सोबत नसती तर तिला जाताच आलं नसतं, हे खरं. पण त्या सोबतीबरोबर धर्म बदलण्याचा आग्रहही आला, आणि तो तिनं मानला नाही. बघा कशी गंमत आहे. मागे राहिलेले लोक म्हणतात, ही बाटणार. बरोबरचे लोक म्हणतात, तू बाटत का नाहीस? आणि मध्ये अठरा वर्षांची मुलगी, आजारी, अर्धपोटी, पाण्यावर.

पण त्या दिवसांची एक दुसरी बाजूही माझ्या मनात येते. ती नवव्या वर्षापासून नवऱ्यानं सांगितलं तेव्हा उठली, सांगितलं ते वाचलं, त्याची बदली झाली तिथं गेली. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज, कलकत्ता. या बोटीवर प्रथमच विचारायला कोणी नव्हतं. काय खायचं, कोणाशी बोलायचं, कोणाला नाही म्हणायचं, हे तिचं तिला ठरवायचं होतं. तिचं कॉलेज अजून महिनोन्‌महिने लांब होतं, पण शिक्षण मला वाटतं त्या बोटीवरच सुरू झालं.

जवळजवळ दोन महिन्यांनी, ४ जून १८८३ रोजी ती न्यूयॉर्कला उतरली. तिथं श्रीमती कार्पेंटर नावाच्या बाई तिला घ्यायला आल्या होत्या. न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या या बाईंनी १८८० साली एका मासिकात गोपाळरावांचं पत्र छापलेलं वाचलं आणि स्वतःहून पत्र लिहिलं. तीन वर्षं पत्रं चालली होती. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. समुद्रापलीकडे उतरल्यावर मावशीचं घर होतं, म्हणून पुढलं सगळं घडलं. फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला, ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली.

आता मला जे म्हणायचं आहे ते सांगते. आनंदीबाईंची गोष्ट सांगताना सगळे म्हणतात, काय ते धाडस! धाडस होतंच. पण त्या बोटीला नीट बघा. तिकिटासाठी पैसे लागले, ते उभे करायला सोन्याच्या बांगड्या विकल्या. वाटेत सोबत लागली. उतरल्यावर माणूस लागलं. पैसा, सोबत आणि पलीकडे वाट बघणारं माणूस, या तीन सोयी होत्या म्हणून ते धाडस पार पडलं. आणि ज्याची सोय झाली नाही, त्यानं तिचा जीव घेतला. तब्येतीची सोय झाली नाही. थंडी, आबाळ, अपुरं खाणं आणि त्यातून वाढलेला क्षय. परत आल्यावर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची जागा तिची वाट बघत होती. ती तिथं काम करू शकली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती गेली. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. धाडसाचं कौतुक करणारे लोक हा हिशेब मांडत नाहीत. कौतुक फुकट असतं, सोय करायला खिशात हात घालावा लागतो.

त्याच १८८३ च्या एप्रिलमध्ये दुसरी एक मराठी बाई मुंबईहून बोटीत बसली. पंडिता रमाबाई. विधवा, बरोबर लहानगी मनोरमा. तिकिटाचे पैसे तिनं स्वतःच्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून उभे केले. १८८९ साली रखमाबाई लंडनला डॉक्टरी शिकायला गेल्या. लहानपणी झालेलं लग्न आपल्याला मान्य नाही, म्हणून त्या कोर्टात उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या पाठीशी डॉ. एडिथ पीची होत्या, वर्गणी होती, लंडनमध्ये राहायला घर होतं. प्रत्येक वेळी कोणीतरी सोय केली, आणि बहुतेक वेळा ती बायकांनी केली.

तुम्ही म्हणाल, बाई, आम्हाला कुठं अमेरिकेला जायचंय? बरोबर. मी माझंच सांगते. मी अकरावीला कल्याणला जायला लागले तेव्हा आमच्या पाड्यावरून आम्ही चौघी निघायचो. अंधारात बांधावरून स्टेशनपर्यंत चालायचं, चौघी होतो म्हणून भीती नव्हती. दिवाळीनंतर एकीचं लग्न ठरलं. दुसरीच्या आईला बाळ झालं, घर बघायला ती राहिली. तिसरीच्या पासाचे पैसे भरायचे राहिले ते राहिलेच. फेब्रुवारीत मी एकटी उरले आणि घरात बोलणं सुरू झालं, ‘एकटीनं कसं जायचं?’ माझी आई तेव्हा दोन महिने रोज पहाटे माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत आली आणि परत जाऊन शेतावर गेली. तिला अक्षर येत नव्हतं. मी शिकले ती माझ्या हुशारीवर नाही, आईच्या त्या दोन महिन्यांच्या चालण्यावर शिकले. आणि त्या तिघी माझ्यापेक्षा कमी धाडसी नव्हत्या, हे मी कुठल्याही सभेत शपथेवर सांगेन.

मुलगी एकटी शाळा सोडत नाही. तिची सोबत तुटते, मग ती सोडते. एक गेली की दुसरी डळमळते. १९९२ साली मुंबईत पश्चिम रेल्वेनं खास बायकांची लोकल सुरू केली. त्या वर्षी बायका एकाएकी शूर झाल्या होत्या का? नाही. सोय झाली, बायका बसल्या.

आता सरकारनंही एक पाऊल टाकलं आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मागास आणि दुर्बल प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. चांगलं झालं. ही माहिती घरोघर पोचवा, कॉलेजात अर्ज भरताना नेटानं विचारा. पण फी म्हणजे बोटीचं नुसतं तिकीट. बोट लागली तर? ताटात काय? उतरल्यावर कोण? हे प्रश्न शिल्लकच आहेत. पास, डबा, पाळीच्या दिवसांत वापरता येईल असा संडास, राहायला वसतिगृह, आणि परीक्षा संपून संध्याकाळी गाडी उशिरा आली तर स्टेशनपासून पाड्यापर्यंतचा उजेड. एवढ्यावर मुलीचं शिक्षण अडतं.

म्हणून आज भाषण ऐकून टाळ्या वाजवू नका. चार कामं करून उठू या. पहिलं, आपल्या भागातल्या किती मुली या वर्षी दहावी-बारावी पास झाल्या आणि त्यातल्या किती पुढं गेल्या, त्यांची नावं वहीत लिहू या. ज्या गेल्या नाहीत, त्यांच्या घरी दोघी-दोघींनी जायचं. दुसरं, आपल्या बचत गटातून एक छोटी रक्कम फक्त पासासाठी बाजूला ठेवायची. पासावाचून एकही मुलगी घरी बसता कामा नये. तिसरं, एका वेळेच्या गाडीनं जाणाऱ्या मुलींच्या जोड्या लावायच्या, आणि एकीचं सुटलं तर दुसरीला सोबत कोण, हे आईबापांनी नाही, आपण ठरवायचं. चौथं, स्टेशनच्या वाटेवरच्या दिव्यांसाठी ग्रामपंचायतीत अर्ज. येत्या ग्रामसभेत आपण पन्नासजणी गेलो तर तो अर्ज कोणी बाजूला सारणार नाही.

आणि पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलींना एक सांगते. पहिले दिवस वाईटच जातात. वर्गातली भाषा कळत नाही, डबा कोणासमोर उघडावा ते कळत नाही, रडू येतं, घरी परत जावंसं वाटतं. ती तुमची लायकी नव्हे, ती बोट लागणं आहे. पाण्यावर नवीन असलेल्या कोणालाही ती लागते. त्या दिवसांत घरी गप्प बसू नका, बोला. आणि आयांनो, मुलगी बोलायला लागली तर ‘मग राहू दे कॉलेज’ असं म्हणू नका. तिच्या कपाळावर हात ठेवा आणि सकाळी डबा भरून द्या.

वही मी आणली आहे. बसल्या जागेवरूनच नावं सांगायला सुरुवात करा.