चार आठवड्यांची परदेशातली शाळा

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)





परदेशात राहून इंग्रजी अध्यापनाचे शिक्षण कसे घेतले, याविषयी मी चार शब्द सांगावेत, असा चिटणीस साहेबांचा निरोप आला तेव्हा मी संकोचलो. परदेशात वर्षानुवर्षे राहिलेली माणसे या सभागृहातच बसली आहेत. डहाणूच्या प्रत्येक मोहल्ल्यातला कोणी ना कोणी आखातात आहे. मी मात्र बी.ए., बी.एड. झालेला, तलासरी तालुक्यातील एका शाळेत इंग्रजी शिकवणारा साधा शिक्षक. परदेशात मी जेमतेम पाच आठवडे होतो. परंतु त्या पाच आठवड्यांत माझ्यातल्या शिक्षकाची जी परीक्षा झाली, ती दहा वर्षांच्या नोकरीत झाली नव्हती. म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

सुरुवात बँकॉकपासून करीत नाही, माझ्याच वर्गापासून करतो. आठवीत एक वारली मुलगा होता. पाड्यावरून चालत यायचा. मी रोज त्याला उभा करून इंग्रजीत प्रश्न विचारी आणि तो खाली मान घालून उभा राही. उत्तर आले नाही की तास संपेपर्यंत उभाच ठेवी. एके दिवशी त्याने धीर करून आपल्या वारली बोलीत काही तरी उत्तर दिले. वर्ग हसला. मीही हसलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. हजेरीपटावर काही दिवस गैरहजेरी लागली आणि नंतर ते नाव आम्ही विसरलो.

त्या वेळी मला वाटे, दोष मुलांचा आहे किंवा माझ्या इंग्रजीचा आहे. माझे उच्चार चांगले नाहीत, मी कधी बाहेर गेलो नाही, म्हणून मुलांना येत नाही. बाहेर जाऊन चांगले इंग्रजी आणले की प्रश्न सुटला! या समजुतीने मी 'सेल्टा' नावाच्या प्रमाणपत्राची माहिती काढली. परभाषिकांना इंग्रजी कसे शिकवावे, याचा हा अभ्यासक्रम आहे. १९६२ साली लंडनमध्ये जॉन हेक्राफ्ट आणि त्यांच्या पत्नी ब्रिटा यांनी शिक्षकांसाठी थोड्या मुदतीचा वर्ग सुरू केला, त्यातून तो वाढत गेला. आज केंब्रिज विद्यापीठाचा परीक्षा विभाग त्याचे प्रमाणपत्र देतो आणि जगातील अनेक शहरांत तो चालतो. लंडन परवडण्यासारखे नव्हते. बँकॉक त्या मानाने जवळ व स्वस्त. शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढले, थोडे मोठ्या भावाने दिले. २९ एप्रिल २०१९ ला लोकसभेच्या मतदानाची ड्यूटी संपवली आणि उन्हाळी सुट्टी लागताच विमानात बसलो.

बँकॉकला पोहोचलो तेव्हा तेथे नव्या राजांच्या राज्याभिषेकाचा सोहळा होता. रस्तोरस्ती पिवळे झेंडे. पहिल्याच संध्याकाळी एका लहानशा खानावळीत मी भात मागितला. मुलगी नुसती बघत राहिली. थाई भाषेत पाच सूर आहेत. 'खाव' हा एकच शब्द सूर बदलला की भात, पांढरा किंवा बातमी असा अर्थ देतो. मी तिच्याकडे बहुधा बातमी मागत होतो. मागे बसलेले दोघे हसले. ते वाईट मनाने हसले नसतील, पण माझी भूक गेली. तीन भाषांत भाषणे ठोकणारा मी माणूस, तेथे बोट दाखवून जेवत होतो.

दोन दिवसांनी रमजान सुरू झाला. सेनसेप कालव्याच्या काठी बान ख्रुआ नावाची चाम मुसलमानांची जुनी विणकर वस्ती आहे. तेथील मशिदीत मी काही दिवस इफ्तारला जात असे. त्यांची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्यांना येत नव्हती. सलाम एवढा एकच शब्द दोघांचा होता. तेवढ्यावर त्यांनी मला जागा दिली, खजूर पुढे केला. एक ओळखीचा शब्द परक्या माणसाला किती आधार देतो, हे मी तेथे शिकलो.

आता अभ्यासक्रमाविषयी. पूर्ण वेळचा वर्ग चार आठवड्यांचा. सुमारे १२० तासांचे काम. त्यात सहा तास प्रत्यक्ष शिकवायचे आणि शिक्षक-प्रशिक्षकांनी मागे बसून ते तपासायचे. शिवाय अनुभवी शिक्षकांचे तास सहा तास पाहायचे आणि चार लेखी निबंध. शिकायला येणारे लोक खरे असतात. माझ्यापुढे दुकानात काम करणाऱ्या मुली, एक परिचारिका, एक निवृत्त कारकून असे थाई प्रौढ बसत. दिवसा वर्ग, रात्री पाठाचे टाचण. सहरीपर्यंत कित्येकदा दिवा चालूच राही.

माझा पहिला पाठ चाळीस मिनिटांचा होता. मला तो उत्तम झाला असे वाटले. फळा भरला होता, व्याकरणाचा नियम नीट सांगितला होता, "समजले का?" असे विचारल्यावर सर्वांनी मान डोलावली होती. प्रशिक्षिकेने टिपणाचा कागद पुढे ठेवला. मी एकतीस मिनिटे बोललो होतो. तिने एवढेच विचारले, "तुला इंग्रजी येते, हे त्यांना कळले. त्यांना काय येऊ लागले?" शेरा होता 'अपेक्षेपेक्षा कमी'. नोकरीला लागल्यापासून प्रथमच मी नापास झालो होतो.

त्या दिवसापासून "समजले का?" हा प्रश्न मी सोडला. त्याला जगभर उत्तर एकच येते: थायलंडमध्ये मान डोलते, आपल्याकडे "हो सर" म्हणतात. समजले की नाही हे पाहायचे तर मुलाला काही तरी करायला द्यावे लागते.

दुसऱ्या आठवड्यात एक विचित्र तास झाला. एका प्रशिक्षकाने वर्गात येऊन एकदम तुर्की भाषेत शिकवायला सुरुवात केली. इंग्रजीचा एक शब्द नाही. शिकणाऱ्याला कसे वाटते, हे शिक्षकाला कळावे म्हणून असा तास घेतात. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि विचारू लागला, "सेनिन आदन ने?" मला घाम फुटला. मी खाली मान घातली. नंतर कळले, तो फक्त माझे नाव विचारीत होता. माझे स्वतःचे नाव मला सांगता आले नाही! आणि त्याच क्षणी, खरे सांगतो, माझ्या डोळ्यांपुढे तो आठवीतला मुलगा उभा राहिला.

मग त्याने पेन उचलून दाखवले. "बू ने? बू कालेम." पुस्तक उचलले. "बू किताप." मी ताठ बसलो. कलम! किताब! हे तर आमच्या घरातले शब्द. पुढे साबण, हवा, दुनिया असे कितीतरी शब्द तुर्कीतही आहेत हे कळले. पाच मिनिटांपूर्वी मुका झालेला मी वर्गात सर्वांच्या आधी उत्तरे देऊ लागलो. माझी बुद्धी पाच मिनिटांत वाढली नव्हती. माझ्या घरच्या शब्दांनी मला दार उघडून दिले होते. मित्रहो, तेच दार मी माझ्या वर्गातल्या मुलांसाठी बंद केले होते.

तेथील ग्रंथालयात आणखी एक नवल समजले. मी ज्या विद्येसाठी कर्ज काढून परदेशी गेलो, तिची पुष्कळशी मुळे इंग्लंडमध्ये नव्हतीच. आपल्या कपाटातील ऑक्सफर्डचा जाडजूड शब्दकोश ज्यांच्यामुळे तयार झाला ते ए. एस. हॉर्नबी १९२४ साली जपानला साहित्य शिकवायला गेले आणि मुलांना आधी भाषा हवी आहे, हे पाहून त्या कामाला लागले. तो कोश प्रथम १९४२ साली टोकियोत छापला गेला. कृतीतून भाषा शिकविण्याची जी पद्धत प्रशिक्षक आम्हांला मोठ्या आदराने सांगत, तिचा एक मोठा प्रयोग एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर-मद्रासकडच्या साध्या शाळांत केला होता. गाड्यांचे वेळापत्रक वाचा, नकाशा पाहून रस्ता सांगा, अशी कामे ते मुलांना देत.

तिसरे नाव मायकेल वेस्ट यांचे. ते ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९२६ साली त्यांनी बंगालमधील शिक्षणाविषयी जे लिहिले, त्यात विम्याच्या धंद्यातला एक शब्द वापरला आहे. आपल्या पालकांना तो ठाऊक आहे. पॉलिसी मध्येच सोडली तर हाती जी रक्कम पडते, ती 'सरेंडर व्हॅल्यू'. वेस्ट यांचा प्रश्न असा की, बहुतेक मुले शाळा मध्येच सोडतात. मग दोनच वर्षे शिकून गेलेल्या मुलाच्या हाती काय पडते? सर्व फळ अखेरच्या वर्षी मिळेल, असा अभ्यासक्रम त्यांच्या मते गरीब मुलांवर अन्याय करतो.

परत आल्यावर काही वर्षांनी तो मुलगा मला तलासरीच्या नाक्यावर भेटला. आता तरुण झालेला. गुजरातच्या हद्दीतील एका कारखान्यात कामाला जातो म्हणाला. हातावर भाजल्याचा डाग होता. मी विचारले, तेव्हा म्हणाला, "सर, पिंपावर लिवलेलं होतं म्हणे. मला वाचता आलं नाय." माझ्या वर्गात तो दीड वर्ष इंग्रजीच्या तासाला बसला होता. भूतकाळ आणि भविष्यकाळ मी फळ्यावर लिहिले होते. 'डेंजर' हा एक शब्द त्याच्या हाती पडला नव्हता. त्याच्या पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू शून्य होती, आणि एजंट मी होतो.

म्हणून आता मी वर्षाची सुरुवात वेगळी करतो. पहिल्या दिवशी मुलांना सांगतो, तुमच्या तोंडी असलेले इंग्रजी शब्द मला द्या. बस, टिकीट, बॅटरी, चार्जर, पंप, ट्रॅक्टर, डॉक्टर, सलाईन... फळा पुसून पुन्हा भरावा लागतो. मग औषधाची बाटली, खताची गोणी, डहाणू लोकलचे वेळापत्रक, धोक्याच्या पाट्या वर्गात येतात. मुलगा वारलीत, गुजरातीत, उर्दूत काही बोलला तर कोणी हसत नाही. ती त्याची शिडी आहे.

यासाठी खरे म्हणजे बँकॉकला जायची गरज नव्हती. आपल्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे करून दाखवले होते. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले त्यांचे ग्राम बाल शिक्षा केंद्र १९५७ साली कोसबाडला आले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही, शाळाच कुरणात नेली. मी डहाणूचा, रोज त्या टेकडीजवळून जाणारा, आणि मला हे कळायला समुद्रापार जावे लागले.

आता पालक मला दोन प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे देतो. पहिला: आमच्या मुलाने, मुलीने हा कोर्स करावा का? इंग्रजी खरोखर उत्तम असेल आणि शिकवण्याची आवड असेल, तर जरूर करावा. प्रवेशापूर्वी लेखी काम व मुलाखत होते. जो एजंट मुलाखतीशिवाय, एकाही प्रत्यक्ष पाठाशिवाय, घरबसल्या प्रमाणपत्र आणि वर नोकरीची हमी देतो, त्याला पैसे देऊ नका. परदेशी नोकरीचा मोहही जपून धरा. दक्षिण कोरियात परदेशी इंग्रजी शिक्षकाचा नेहमीचा व्हिसा इंग्रजी बोलणाऱ्या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे, त्यांत भारत नाही. आपल्यासाठी २०१० साली अंमलात आलेल्या करारातून थोडी वेगळी वाट आहे. मीही बँकॉकमध्ये एका ठिकाणी अर्ज केला. प्रमाणपत्र पाहून त्यांनी बोलावले, पारपत्र पाहून नको म्हटले. त्या रात्री वाईट वाटले. आज वाटत नाही. ज्यांना परदेश परवडत नाही त्यांनी हैदराबादची इंग्रजी व परकीय भाषांची संस्था लक्षात ठेवावी. १९५८ साली स्थापन झालेली ही संस्था आज विद्यापीठ आहे आणि तेथे इंग्रजी अध्यापनाचे शिक्षण मिळते.

दुसरा प्रश्न: मुलाला इंग्रजी माध्यमात घालावे का? ज्याच्या-त्याच्या परिस्थितीप्रमाणे ठरवा. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. माझी विनंती एवढीच की, माध्यम कोणतेही असो, संध्याकाळी मुलाला "आज काय शिकवले?" असे विचारू नका. "आज तुला काय नवे करता येऊ लागले?" असे विचारा. पाटी वाचता आली, अर्ज लिहिता आला, वाट विचारता आली, असे उत्तर महिनाभर आले नाही, तर शाळेत येऊन आम्हां शिक्षकांना जाब विचारा. आम्ही रागावणार नाही. निदान मी रागावणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पतपेढीचे कर्ज फेडायला मला तीन वर्षे लागली. ते फिटले. त्या मुलाचे देणे मात्र फिटण्यासारखे नाही. नाक्यावर भेट झाल्यापासून दर रविवारी संध्याकाळी तो आणि त्याचे चार सोबती माझ्याकडे येतात. आम्ही पिंपांवरच्या चिठ्ठ्या वाचतो. मागच्या रविवारी त्याने एक चिठ्ठी न अडखळता वाचली आणि अर्थ आपल्या वारलीत इतरांना समजावून सांगितला. या वेळी कोणी हसले नाही.