रक्तवाहिनी उघडली, पण माणूस उभा राहिला का?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



या संस्थेच्या शाळेत मी शिकलो आणि पुढे डॉक्टर झालो. आज उपदेश करायला नव्हे, तर आमच्याच घरात झालेली एक चूक सांगायला उभा आहे.

रमजानचे दिवस होते. सहरी करून चाचा आडवे झाले. फजरला उठवायला गेले तर तोंड वाकडे, उजवा हात लुळा, शब्द फुटेना. घरच्यांना वाटले, रोजाचा अशक्तपणा असेल. मग तेलाची मालिश झाली, दम केलेले पाणी झाले, कोणी कबुतराच्या मांसाची गोष्ट काढली. इस्पितळ गाठेपर्यंत दुपारचे दोन वाजले. डॉक्टरांनी मेंदूतील गुठळी काढली. रक्तवाहिनी पूर्ण उघडल्याचे चित्र पडद्यावर दिसले आणि घरात शुक्र अदा झाला. पण तीन महिन्यांनीही चाचांना आधाराशिवाय चालता येईना. हातात तसबीह ठरेना.

घरचे मला विचारीत, "नस तर उघडली, मग बरे का होत नाहीत?" त्या प्रश्नाचे उत्तर हाच आजचा विषय.

आपण 'लकवा मारला', 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतो. वास्तविक हा आजार हातापायांचा नसून मेंदूचा आहे. बहुतेक रोग्यांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते; काहींत ती फुटते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायू तो सुमारे २० टक्के वापरतो आणि साठा जवळ काही ठेवीत नाही. अमेरिकेतील डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली हिशेब मांडला की मोठी वाहिनी बंद पडून उपचार झाला नाही, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात.

गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत देतात. मोठी गुठळी पुष्कळदा त्याला दाद देत नाही. अशा वेळी जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन, तारेच्या जाळीत धरून अथवा शोषून गुठळी बाहेर काढतात. या उपचाराचे पाच मोठे अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाले. २०१६ साली त्यांतील १,२८७ रोग्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला. तीन महिन्यांनंतर स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकणारे रोगी, गुठळी काढलेल्यांत ४६ टक्के होते. नुसत्या औषधोपचारावरच्यांत सुमारे २६ टक्के. ही फार मोठी कमाई आहे.

पण दुसरा आकडाही पाहा. गुठळी काढलेल्यांपैकी ७१ टक्क्यांत रक्तप्रवाह चांगला सुरू झाला होता. म्हणजे वाहिनी उघडलेल्या कित्येकांना परावलंबी राहावे लागले, काही तर दगावलेही. असे का व्हावे?

शेताचेच उदाहरण घ्या. पाटाचे पाणी अडले की काही रोपे करपतात, काही नुसती कोमेजतात. पाणी पुन्हा सुटले तर कोमेजलेली तगतात, करपलेली हिरवी होत नाहीत. मेंदूचेही तसेच आहे. शिवाय मुख्य पाट वाहू लागला, तरी बारीक चाऱ्या तुंबलेल्या राहू शकतात. मोठी वाहिनी मोकळी होऊनही सूक्ष्म वाहिन्यांतून रक्त फिरत नाही. कधी सूज येते, कधी रक्तस्राव होतो. वय आणि मधुमेह यांचाही परिणाम असतोच. गुठळी काढल्यावर त्याच धमनीत विरघळविणारे औषध द्यावे का, याचा स्पेनमधील कॅटलोनियात झालेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला व त्यात फायदा दिसला. पुढील अभ्यासांत काहींत तो दिसला, काहींत नाही. शोध चालू आहे.

२०१८ साली असेही सिद्ध झाले की निवडक रोग्यांत २४ तासांपर्यंत गुठळी काढण्याचा लाभ होतो. ज्यांच्या आडवाटेच्या वाहिन्यांनी मेंदू कसाबसा जगवला आहे, असे हे रोगी. कोण त्यांत मोडतो, हे तपासणीनंतरच कळते. म्हणून 'चोवीस तास आहेत' असे समजून कोणी घरी थांबू नये.

सूक्ष्म वाहिन्यांवर आपला इलाज चालत नाही. घरातून निघण्याची वेळ मात्र आपल्या हाती आहे. तोंड वाकडे, एक हात उचलेना, बोलणे अडखळले. यांतले एकही अचानक दिसले तर १०८ ला फोन करा. रोगी शेवटचा ठीक कधी होता, ती वेळ लिहून ठेवा. तोंडात पाणी, औषध काही घालू नका. आजार गुठळीचा की रक्तस्रावाचा हे मेंदूचे सीटी स्कॅन झाल्याशिवाय कळत नाही. आणि ही तपासणी व गुठळी काढण्याची सोय आपल्या जवळ कोठे आहे, हे आजच विचारून ठेवा.

दुआ जरूर करा, पण ती गाडीत बसून करा. तवक्कुल म्हणजे हात बांधून बसणे नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, घरातील वडीलधाऱ्यांपुढे बोलायला तुम्हाला संकोच वाटेल. त्या दिवशी आमच्या घरातही एक शाळकरी मुलगा "डॉक्टरकडे नेऊ या" म्हणाला होता. त्याला गप्प बसवले गेले. पालकांनो, एवढीच विनंती, तुमच्या घरात त्या मुलाचे ऐका.

खुदा हाफिज. जय हिंद.