अपेंडिक्सचे ऑपरेशन : दुर्बिणीने की पोट उघडून?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू कामाचे काही सांग, असे संयोजकांनी बजावले. म्हणून तुम्ही मला फोनवर नेहमी विचारता तोच प्रश्न घेतो : अपेंडिक्स दुर्बिणीने काढावे की पोट उघडून?

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेली करंगळीसारखी शेपटी. ती सुजली, की बहुतेक वेळा काढावी लागते. उघड्या पद्धतीत पोटाच्या उजव्या बाजूला खाली दोन-तीन इंचांचा छेद घेतात. न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८९४ मध्ये मांडलेला हा छेद आजही वापरात आहे. दुर्बिणीच्या पद्धतीत पोट गॅसने फुगवून, बहुधा तीन लहान छिद्रांतून काम करतात. जर्मनीचे कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये असे अपेंडिक्स काढले, तेव्हा सर्जन मंडळींनीच त्यांच्यावर टीका केली. ते स्त्रीरोगतज्ज्ञ होते ना! आपल्याकडे डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईत दुर्बिणीने पित्ताशय काढले आणि ही वाट रुळली.

दुर्बिणीचे फायदे खरे आहेत. जखम पिकण्याचे प्रमाण कमी, दुखणे कमी, माणूस लवकर कामाला लागतो. ऐन रोवणीत याचे मोल मी अड्याळकरांना काय सांगावे? निदान पक्के नसेल, विशेषतः तरुण मुलींमध्ये, तर पोटातले बाकीचे अवयवही पाहता येतात. लठ्ठ माणसालाही ती सोयीची.

पण तिला पूर्ण भूल लागते, यंत्रसामग्री लागते, सराव झालेला हात लागतो आणि खर्चही बहुधा जास्त येतो. उघडे ऑपरेशन कमरेत भूल देऊनही करता येते. कधी दुर्बिणीने सुरू केलेले ऑपरेशन मध्येच पोट उघडून पूर्ण करावे लागते. त्याला डॉक्टरचे अपयश समजू नका, तो शहाणपणाचा निर्णय असतो.

आता मुख्य मुद्दा. छेद केवढा, यापेक्षा रोगी कधी पोहोचला, याला जास्त महत्त्व आहे. बेंबीभोवती सुरू झालेले दुखणे उजवीकडे खाली सरकले, भूक गेली, मळमळ वा ताप आला, तर जुलाबाचे औषध देऊ नका, पोट शेकत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अपेंडिक्स फुटले, तर पोटभर पू होतो आणि जिवावर बेततो. भंडाऱ्यात चांगला सर्जन आज ऑपरेशन करायला तयार असेल, तर केवळ दुर्बिणीच्या हौसेपायी नागपूरसाठी दोन दिवस घालवू नका.

व्रण पोटावर राहतो, सदऱ्याखाली झाकतो. माणूस मात्र राहिला पाहिजे.