धातूविना गंधकाची साखळी

नंबर मोठा म्हणजे चष्म्याचं भिंग जाड, हे समीकरण आता मोडलं आहे. दुकानात 'हाय इंडेक्स' भिंग मागितलं की पातळ भिंग मिळतं, आणि त्या पातळपणामागे बरेचदा गंधक असतो. साध्या काचेचा अपवर्तनांक १.५च्या आसपास; पॉलिथायोयुरेथेन या गंधकयुक्त प्लास्टिकचा १.६ ते १.६७. गंधकाच्या अणूभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा पसारा सैल असतो, म्हणून प्रकाश त्यात जास्त वाकतो.

मग पॉलिमरच्या साखळीत गंधक गुंफायचा कसा?

श्रोतेहो, एक वाट कार्बोनिल सल्फाइडची; हा विषारी, ज्वालाग्राही वायू. कार्बन डायऑक्साइडमधल्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवला की तो होतो. इपॉक्साइडशी, म्हणजे ऑक्सिजन असलेल्या कड्याच्या आकाराच्या रेणूशी, त्याची गाठ घातली, की गंधकयुक्त साखळी तयार होते. चीनमधल्या हांगझोऊच्या चच्यांग विद्यापीठातले शिंग-होंग झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये हे साधलं, पण क्रोमियमचा उत्प्रेरक वापरून. तयार मालात धातूचा अंश उरतो, रंग चढतो, तो काढण्यात पैसा जातो. भिंगाला रंग चढलेला माल काय कामाचा?

२०१७मध्ये झांग यांच्या गटाने टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले डोनाल्ड डॅरेन्सबर्ग यांच्या साथीने धातूला रजा दिली. त्याऐवजी ट्रायइथिलबोरेन आणि जोडीला सेंद्रिय आम्लारी. बोरॉन इपॉक्साइडचा ऑक्सिजन ओढून धरतो, त्यामुळे इपॉक्साइडचं कडं उघडतं. मग वायूचा एक रेणू, इपॉक्साइडचा एक, अशी आलटून-पालटून साखळी वाढते. यातली खरी डोकेदुखी म्हणजे ऑक्सिजन आणि गंधक आपसांत जागा बदलतात आणि साखळीत नको त्या कड्या शिरतात. साखळीचं वाढतं टोक बोरॉन धरून ठेवतो, त्यामुळे ही अदलाबदल आटोक्यात राहते.

मात्र 'धातूविना' म्हणजे निरुपद्रवी, असं कुणी समजू नये. ट्रायइथिलबोरेन हवा लागताच पेटतं. अमेरिकेच्या एसआर-७१ या टेहळणी विमानाची इंजिनं ते वापरूनच पेटवत असत. प्रयोगशाळेत ते हवेपासून दूर, निष्क्रिय वायूतच हाताळावं लागतं.

कार्बोनिल सल्फाइडऐवजी द्रवरूप कार्बन डायसल्फाइड घ्यावं, तर हाताळणी सोपी होते. पण तिथे ऑक्सिजन-गंधकाची अदलाबदल आणखी माजते, आणि एकाच साखळीत अनेक तऱ्हेच्या कड्यांची सरमिसळ हाती येते.