डासाची ओळख, रुग्णाचे रक्षण

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पावसाळा सरता सरता तापाचे रुग्ण वाढू लागतात आणि त्यांचे नातेवाईक विचारतात, ‘डास मारायला काय करावे?’ आमचे नम्र निवेदन असे की, ‘कोणता डास?’ हे त्याआधी विचारणे अगत्याचे आहे.

हिवतापाचा डासाशी संबंध शोधताना रोनाल्ड रॉस यांनी सुमारे दोन वर्षे राखाडी व पट्टेरी डासांचे विच्छेदन केले; हाती काही लागले नाही. ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे ठिपकेदार पंखांचा डास त्यांनी तपासला आणि त्याच्या जठरात हिवतापाचा परजीवी वाढताना दिसला. चिकाटी तीच होती, सूक्ष्मदर्शक तोच होता. बदलला तो केवळ डास.

आपल्या परिसरातील तीन प्रमुख गट साध्या डोळ्यांनीही ओळखता येतात. ॲनॉफिलिस हा हिवताप पसरवणारा. बहुधा तो शरीर तिरके उचलून बसतो आणि त्याची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते. क्युलेक्स मळकट तपकिरी. सांडपाण्यात वाढतो आणि हत्तीरोगाचा प्रसार करतो. एडिस काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा. दिवसा चावतो आणि डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवतो. या दोघांच्याही अळ्या श्वासनलिका वर ठेवून डोके खाली करून लोंबकळतात.

एवढ्यावर ओळख पूर्ण होत नाही. ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस हा ग्रामीण भारतातील हिवतापाचा मुख्य वाहक. नदीपात्रातील डबकी, कालवे आणि खड्ड्यांत साचलेले स्वच्छ पाणी त्याला मानवते. पैनगंगा व वर्धा नद्यांच्या, बेंबळा, अरुणावती व पूस प्रकल्पांच्या या जिल्ह्यात अशा जागांची वाण नाही. ॲनॉफिलिस फ्लुव्हिएटिलिस डोंगरपायथ्याच्या संथ झऱ्यांच्या गवताळ काठी वाढतो, तर ॲनॉफिलिस स्टीफेन्सी शहरातील विहिरी आणि गच्चीवरील टाक्यांत.

एका प्रजातीच्या पोटातही भेद असतात. स्टीफेन्सीच्या अंड्यांच्या दोन्ही बाजूंना हवेचे तरंगे असतात. त्यांवरील वळ्या मोजून स्वीट आणि राव यांनी १९३७ मध्ये या डासाचे वेगळे वंश दाखवले. अधिक वळ्यांचा शहरी प्रकार रोग पसरवण्यात तरबेज. कमी वळ्यांचा ‘मायसोरेन्सिस’ प्रामुख्याने ग्रामीण आणि गुरांच्या रक्तावर जगणारा. उपप्रजाती म्हणून गणले गेलेले हे भेद पुढील संशोधकांनी केवळ ‘प्रकार’ मानले. क्युलिसिफेसीस तर पाच जुळ्या प्रजातींचा समूह आहे. त्यांना ए ते ई अशी नावे आहेत. त्या बाहेरून सारख्याच दिसतात. गुणसूत्रांवरील पट्टे किंवा जनुकीय चाचणी यांवरूनच ओळखू येतात. त्यांपैकी ‘बी’ भारतात सर्वाधिक पसरलेली असूनही हिवतापाची दुबळी वाहक आहे. म्हणजे गोठ्यात डास पुष्कळ सापडले, तरी गावातील हिवतापाचे कारण तेच, असे म्हणता येत नाही.

एडिसचेही तसेच आहे. एडिस इजिप्टायच्या पाठीवर वीणेसारखी पांढरी खूण असते, तर एडिस अल्बोपिक्टसच्या पाठीवर एकच पांढरी रेघ. पहिला घरातील रांजण, कूलर आणि टाक्यांत वाढतो. दुसरा मळे व झाडोऱ्यात अधिक आढळतो. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे आलेली चिकुनगुन्याची साथ इजिप्टायने पसरवली, तर २००७ मध्ये केरळातील साथीत अल्बोपिक्टस प्रमुख ठरला. पाणीटंचाईमुळे घरोघरी पाणी साठवण्याची सवय जडलेल्या यवतमाळात इजिप्टायचे घर अनेकदा आपल्याच घरात असते.

या ज्ञानाचा उपयोग थेट पैशाशी आणि प्राणांशी जोडलेला आहे. धूर फवारणी उडणारे डास मारते. रांजणातील अळीला त्याचा उपद्रव होत नाही. क्युलिसिफेसीस डीडीटीसह अनेक कीटकनाशकांना दाद देईनासा झाला आहे. शिवाय फवारणी निरुपद्रवी नसते. २०१७ च्या हंगामात कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेचे बळी या जिल्ह्याने पाहिले आहेत. म्हणून झऱ्याकाठच्या गावाला एक उपाय, कालव्याकाठच्या गावाला दुसरा आणि शहरातील गल्लीला तिसरा, हेच शहाणपण.

देणगीदारांना आमची विनंती आहे की, धुराच्या यंत्राआधी सूक्ष्मदर्शक आणि डास ओळखणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ यांना हातभार लावावा. रुग्णांच्या आप्तांना विनंती ही की, ताप आलेल्या माणसाबरोबर गावाचे नाव, पाण्याची सोय आणि नुकत्याच झालेल्या प्रवासाची माहिती अवश्य सांगावी. आठवड्यातून एक दिवस घरातील सर्व भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवावीत, कारण इजिप्टायची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी टिकतात.

रुग्णाला बरे करणे हे आमचे कर्तव्यच आहे. परंतु तो पुन्हा त्याच तापाने येऊ नये, यासाठी आपणा सर्वांची साथ हवी.