इसब आणि संकोच

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी गुणगौरव समारंभाच्या वेळी केलेले भाषण)



गुणगौरवाच्या समारंभात निवृत्त शिक्षकाने काय बोलावयाचे हे जवळजवळ ठरून गेलेले आहे. अभ्यासाचे महत्त्व, वेळेचा सदुपयोग, आईबापांचे ऋण. हे विषय थोरच आहेत आणि मजपेक्षा अधिक विद्वान वक्ते त्यांवर आज बोलणार आहेत. मी मॅट्रिक झालेला, पुढे अध्यापनाची पदविका घेऊन ३९ वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेला मनुष्य. चिटणीसांनी विषय कळविण्यास सांगितले, तेव्हा मी एका चिठ्ठीवर "इसब" असे लिहून पाठविले. त्यांनी दूरध्वनी करून विचारले, "गुरुजी, अक्षर लागत नाही. हिशेब म्हणावयाचे आहे काय?" हिशेब नव्हे, इसबच.

गुणगौरवाशी ह्या विषयाचा संबंध काय, असे कोणाच्याही मनात येईल. संबंध असा की, उत्तर तोंडपाठ असताना हात वर न करणारी मुले मी वर्गात पाहिली आहेत. हात वर केला की बाही खाली सरकते आणि कोपराची लवण दिसते, एवढेच त्याचे कारण असे. अशी मुले ह्या व्यासपीठावर येत नाहीत. त्यांची बुद्धी कमी असते म्हणून नव्हे, तर व्यासपीठ सर्वांना दिसते म्हणून.

माझे इसब माझ्याहून चारच महिन्यांनी लहान आहे. ते प्रथम गालांवर उठले, असे आई सांगत असे. पुढे ते कोपरांच्या आणि गुडघ्यांमागील लवणीत जाऊन बसले. तान्ह्या वयातील इसबाची ही नेहमीचीच वाट आहे, हे मला फार उशिरा कळले. कडुनिंबाच्या पाल्याची आंघोळ झाली, करंजेल झाले, गंधकाचे मलम झाले, डांबराचा साबण झाला. वांगे बंद, आंबट बंद, अंडे बंद. एका वर्षी तर माझ्या पानात काय वाढावे यापेक्षा काय वाढू नये याचीच यादी मोठी झाली होती.

इयत्ता आठवीत मी तालुक्याच्या गावी एका वसतिगृहात राहावयास गेलो. तेथे माझी सतरंजी दाराशी, माझी बादली निराळी, आणि माझे नाव "खरजुल्या". मुलांना मी दोष देत नाही, कारण तसे नियमच वडीलधाऱ्यांनी केलेले होते. रात्री खाज अधिक येते. अंधारात मी खाजवीत असे आणि सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके पडत. ते कोणी पाहण्यापूर्वी चादर धुवावी म्हणून मी पहाटे चार वाजता विहिरीवर जाई. सर्वांना वाटे, मुलगा अभ्यासू आहे, लवकर उठतो. कबड्डीत साखळी धरावयाची तेव्हा माझा हात कोणी धरीत नसे. म्हणून मी खेळच सोडला आणि गुण लिहून ठेवणारा झालो. भर वैशाखात मी लांब बाह्यांचा टेरिलीनचा सदरा घालीत असे. टेरिलीन घाम शोषीत नाही, घामाने खाज वाढते, खाजविल्याने कातडी फुटते, आणि फुटलेली कातडी झाकण्यासाठी पुन्हा तोच सदरा! लाज आणि इसब ही एकमेकांना कशी खाऊ घालतात, ते मी त्या सदऱ्यात शिकलो.

नववीत असताना पायांवरच्या जखमांतून पिवळे पाणी येऊन वर खपल्या धरू लागल्या, ताप आला आणि मला सरकारी दवाखान्यात नेण्यात आले. तेथील डॉक्टरांनी माझा हात आपल्या उघड्या हातात घेतला, कोपर उजेडाकडे वळविले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले. घरच्या माणसांखेरीज इतरांनी माझा हात धरल्यास दीड वर्ष झाले होते. ते म्हणाले, "हे इसब आहे. हे कोणाला लागत नाही. हे वाक्य पाठ कर, आणि कोणी विचारले की डोळे वर करून म्हण." पोटात घ्यावयाच्या गोळ्या, सात दिवसांपुरते एक मलम, सुती सदरा, आखूड नखे आणि आंघोळीनंतर खोबरेल, एवढीच त्यांची योजना होती. खाण्यातील पथ्ये त्यांनी एकजात रद्द केली. मी त्याच दिवशी वांग्याची भाजी खाल्ली. इसब काही वांग्याने वाढले नाही.

आता थोडे शास्त्र. पाश्चात्य भाषांतील "एक्झिमा" हा शब्द ग्रीकांचा असून त्याचा अर्थ "उकळून बाहेर येणे" असा आहे. आपल्याकडे "अंगातील उष्णता बाहेर पडते" म्हणतात. म्हणजे चुकीच्या समजुतीतही मानवजात एक आहे! चरकसंहितेत अठरा कुष्ठे सांगितली आहेत, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. ह्या अकरांत विचर्चिका नावाचा जो विकार येतो, त्याची तुलना वैद्य आजच्या इसबाशी करतात. प्राचीनांच्या लेखी "कुष्ठ" म्हणजे त्वचेचे बहुतेक सर्व विकार. पुढे व्यवहारात तो शब्द एका महारोगापुरताच उरला आणि त्या रोगाविषयीचे भय मात्र सगळ्याच कातडीच्या विकारांवर पसरले. वस्तुतः तो महारोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि नुसत्या स्पर्शाने जडत नाही. मग बिचाऱ्या इसबाने कोणाचे काय केले आहे?

आपली त्वचा ही विटांच्या भिंतीसारखी आहे असे समजा. इसबाच्या रोग्याच्या भिंतीत चुना कमी पडतो. आतली ओल बाहेर जाते, बाहेरची धूळ, साबण, घाम आत शिरून आग करतात. स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले की, फिलॅग्रीन नावाचे एक प्रथिन तयार करणाऱ्या जनुकात दोष असला म्हणजे ही भिंत कच्ची राहते. सर्वच रोग्यांत हा दोष सापडतो असे नाही. परंतु ज्या घरात दमा किंवा वारंवार शिंकांचा त्रास आहे त्या घरात इसबही आढळते, हे तर पूर्वीपासून दिसत आले आहे. म्हणजे हा वारसा आहे; घाणीचा, पापाचा वा दूषित रक्ताचा प्रश्न नाही. वय वाढते तसे पुष्कळ मुलांचे इसब ओसरते. काहींचे माझ्यासारखे सोबत राहते.

म्हणून उपचाराचा पाया अगदी साधा आहे. आंघोळ थोडक्यात, कोमट पाण्याने. साबण सौम्य आणि कमी. अंग टिपून घेऊन ते ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळणे. रोज, बरे वाटत असतानाही. परीक्षेच्या दिवसांत इसब उसळते, कारण काळजीने खाज वाढते. त्या वेळी खाजविण्याऐवजी गार ओला रुमाल त्या जागी दाबून धरावा. खडूने माझे हात फाटत, म्हणून मी प्रत्येक तासानंतर ते धुऊन तेल लावीत असे. शाळेत मला "तेली गुरुजी" म्हणत. "खरजुल्या"पेक्षा ही पदवी पुष्कळच बरी.

पालकांनी एक भेद मात्र पक्का ध्यानात ठेवावा. घरात एकाहून अधिक माणसे खाजवू लागली, बोटांच्या बेचक्यांत पुरळ दिसले, तर ती खरूज असण्याचा संभव असतो. ती लागते, आणि तिचे औषध घरातील सर्वांनी एकाच वेळी घ्यावे लागते. गोल चट्टा, त्याची कड उठलेली आणि मध्य निवळलेला, तर तो नायटा, तोही लागतो. इसब लागत नाही. हे तिन्ही ओळखणे डॉक्टरांचे काम आहे, शेजाऱ्यांचे नव्हे आणि औषधविक्रेत्याचेही नव्हे. दुकानात "खाजेचे मलम द्या" म्हटले की जे हाती पडते, त्यात पुष्कळदा तीव्र स्टिरॉइड असते. ते नायट्यावर लावले तर आरंभी खाज थांबते आणि आतून नायटा फोफावतो. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावले तर कातडी पातळ होऊन लाल पडते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ औषधे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई करणारी अधिसूचना काढली. ती काढावी लागली यावरूनच काय चालले होते ते उमजेल. उलटपक्षी, डॉक्टरांनी माप आणि दिवस सांगून दिलेले तेच औषध इसबावर उत्तम काम करते. त्याला भिऊन ते मध्येच टाकून देणेही तितकेच वाईट. आणि पिवळ्या खपल्या व ताप दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

परंतु औषधापाशी पोहोचण्याआधी संकोच आडवा येतो, आणि तो मुलांच्या मनात आपण घालतो. माझ्या वर्गात एक मुलगी होती. मानेवर इसब, म्हणून बारा महिने गळ्याभोवती ओढणी. मी तिच्या वडिलांना दवाखान्याचे सुचविले, तर ते हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, दवाखान्यात आपल्यातलीच माणसे भेटतात. पुढे स्थळे पाहावयाची आहेत." मुलगी अकरा वर्षांची होती! तिची खाज आजची आणि बापाची चिंता दहा वर्षांनंतरची. मी तीन वेळा त्यांच्या घरी गेलो. तिसऱ्या वेळी तिच्या आजीने चप्पल घातली आणि नातीचा हात धरून ती चालू लागली. वडील मग मागून आले. आपल्या वधूवर सूचक मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, इसब हे चष्म्यासारखे सरळ सांगून टाकण्याचा प्रघात त्यांनी पाडावा. लपविले तर ते लग्नानंतर दिसणारच, आणि मग इसबाचा नव्हे तर लपविण्याचा राग येतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या संस्थेच्या वसतिगृहाच्या प्रवेश अर्जात नववा रकाना आहे : "अर्जदारास कोणताही त्वचाविकार आहे काय? असल्यास प्रवेश मिळणार नाही." हा रकाना ज्यांनी घातला त्यांचा हेतू शुद्ध होता; इतर मुलांना खरूज होऊ नये, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. परंतु परिणाम काय होतो पाहा. खरूज झालेला मुलगाही "नाही" लिहितो आणि इसबाचा मुलगाही "नाही" लिहितो. पहिला खोलीभर खरूज पसरवितो, दुसरा वर्षभर पहाटे चादर धुतो. यंदा एका मुलाने खरे लिहिले. दहावीला ८८ टक्के गुण मिळविलेला हा मुलगा आज गुणगौरवाच्या यादीत आहे, परंतु वसतिगृहाच्या यादीत नाही. तो रोज बसने ४२ किलोमीटर येतो आणि तितकाच परत जातो.

त्या रकान्याऐवजी "त्वचाविकार असल्यास तो संसर्गजन्य आहे वा नाही, याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा, संसर्गजन्य असल्यास उपचारानंतर प्रवेश मिळेल" असे शब्द घालावे, अशी लेखी सूचना मी उद्याच्या कार्यकारी मंडळाच्या सभेसाठी दिली आहे. त्या मुलाचा अर्ज नव्याने विचारात घ्यावा, हीही विनंती त्यात आहे. अध्यक्ष महाराजांनी ती वाचली आहे असे त्यांच्या मुद्रेवरून दिसते.

विद्यार्थिमित्रहो, ज्यांना ह्या बाबतीत काही विचारावयाचे असेल त्यांच्यासाठी मी भोजनानंतर सभागृहामागील ओसरीवर बसणार आहे. दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा मी लिहून आणल्या आहेत. वडीलधाऱ्यांना बरोबर आणले पाहिजे असे नाही. आणि बाह्या वर करून दाखविण्याची तर मुळीच आवश्यकता नाही. माझ्या मी वर केलेल्या असतील.