बाजरीचा अरगट आणि मिठाचे पाणी



भाताचे बी पेरण्यापूर्वी मिठाच्या पाण्यात घालण्याची पद्धत कोकणात परिचित आहे. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवितात. पोचट व रोगट बी वर येते, ते काढून टाकतात. खुलताबाद तालुक्यात भाताला फारसे स्थान नाही. बाजरी मात्र आहे. मक्याने तिची पुष्कळ जागा घेतली असली तरी भाकरीपुरती ती अजून पेरली जाते, आणि तिच्यावर अरगट हा बुरशीचा रोग पडतो.

बाजरी फुलोऱ्यात असता आभाळ भरून राहिले की कणसांतून गुलाबीसर, मधासारखा द्रव पाझरू लागतो. किडे व पावसाचे थेंब तो इतर कणसांवर नेतात. पुढे दाण्याच्या जागी काळपट, कठीण गाठी धरतात. 1956-57 च्या सुमारास तत्कालीन मुंबई राज्यात, साताऱ्याच्या दक्षिण भागात, हा रोग जोराने आला होता. या गाठी विषारी असतात. दळणात गेल्यास मळमळ, उलट्या, चक्कर व गुंगी येते. हा विषय शाळेत यावयास हवा तो याकरिता.

बाजरीसाठी 10 लिटर पाण्यास 2 किलो मीठ घ्यावे. भातापेक्षा इतके अधिक का, हे मुलांनाच शोधू द्यावे. घनतेचा पाठ याहून चांगला कोठे मिळणार? वर्गात 1 लिटर पाणी व 200 ग्रॅम मीठ पुरे. बी सोडून ढवळावे, वर तरंगणारे सर्व काढावे. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवावे, नाहीतर मिठाने उगवण बिघडते. नंतर सावलीत वाळवावे. काढलेल्या गाठी कोंबड्यांपुढे वा गव्हाणीत टाकू नयेत, जाळाव्यात. दुकानातील औषध चोळलेले रंगीत बी मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. प्रयोग घरच्या बियाण्यावर करावा.

मिठाने बियाण्यातील गाठी निघतात. गतवर्षी शेतात गळालेल्या गाठींस तो उपाय नव्हे. तेथे खोल नांगरट, पिकांची फेरपालट व रोगट कणसे वेळीच कापणे हेच खरे. गोसावी रोगही मिठाने हटत नाही. तसले झाड उपटून जाळावे लागते.

शाळा जूनच्या मध्यास उघडतात, तेव्हा पेरणीची घाई असते. म्हणून हा प्रयोग उन्हाळी सुटीपूर्वीच करून दाखवावा, म्हणजे मुलांना तो घरी सांगावयास अवधी मिळेल.